स्टेप वनमधला एक ‘फेल’ आणि पुण्यातील एका रेसिडेन्सी सल्लासेवेचे परीक्षण

माझ्या मुलीने पुण्यातून एमबीबीएस केले आहे. अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले पदव्युत्तर प्रशिक्षण, मिळवण्यासाठी जी यूएसएमएलई परीक्षा द्यावी लागते तिच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे स्टेप वनमध्ये, ती २०२३ साली एकदा नापास झाली. दुसऱ्या प्रयत्नात ती उत्तीर्ण झाली, पुढे स्टेप टू सीके या दुसऱ्या टप्प्यात तिला २५१ गुण मिळाले, आणि मे २०२४ मध्ये आम्ही बापलेक कर्वे रस्त्यालगतच्या एका सल्लासेवेचे जिने चढलो. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. सेवेचे नाव मी देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार ज्या बाबीविषयी आहे ती या व्यवसायात सर्रास चालते असे पुढे चौकशीत दिसून आले, आणि एकाच दुकानाची पाटी काळी करून बाकीच्यांना मोकळे सोडणे मला योग्य वाटत नाही. नापास झालेल्या उमेदवाराला अशा सेवेचा उपयोग किती, एवढ्याच प्रश्नापुरते मी लिहिणार आहे. ज्यांचे सगळे टप्पे पहिल्याच फटक्यात पार पडले त्यांचा अनुभव याहून बराच सुखाचा असू शकेल.

शुल्क ८५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १,००,३०० रुपये, दोन हप्त्यांत. या रकमेत चार गोष्टी मिळणार होत्या: कागदपत्रांचे मूल्यमापन, पर्सनल स्टेटमेंटची, म्हणजे अर्जासोबतच्या आत्मनिवेदनाची, तपासणी, अर्ज कोणकोणत्या प्रोग्रॅमना, म्हणजे रुग्णालयांच्या प्रशिक्षणक्रमांना, करायचे त्याची यादी आणि मुलाखतीचा सराव. रीतसर पावती दोनदा मागितल्यावर मिळाली. मी एकतीस वर्षे बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागात काढली असल्यामुळे पावती मिळेपर्यंत जागचा हलत नाही, हे त्यांनाही पहिल्याच दिवशी कळले.

बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर यशस्वी विद्यार्थ्यांची अकरा छायाचित्रे लावलेली होती. पांढरे ॲप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप, खाली नाव, विषय, अमेरिकेतले गाव, आणि काहींच्या खाली स्टेप टूचे गुण. थांबायला वेळ होता म्हणून मी अकराही छायाचित्रांखालचा मजकूर वाचून काढला. कोणी कितव्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले, हे एकाही ठिकाणी लिहिलेले नव्हते. माहितीपत्रकावर ‘९० टक्के यश’ असे छापले होते. यशाची ही टक्केवारी कितीजणांपैकी काढली, असे विचारल्यावर बरीच चुळबुळ झाली आणि मग समजले की ज्यांना किमान एक मुलाखत मिळाली त्यांनाच हिशेबात धरले आहे. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे उमेदवारांना रेसिडेन्सीच्या जागा वाटून देणाऱ्या वार्षिक प्रक्रियेत, अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८.५ टक्क्यांना पहिल्या वर्षाची जागा मिळाली होती, आणि हा आकडा मॅच चालवणारी एनआरएमपी ही संस्था स्वतः जाहीर करते. त्या आकड्याशेजारी नव्वद ठेवायचे असतील तर छेद तपासून घ्यावा, एवढेच मी म्हणेन.

पहिली बैठक मात्र उत्तम झाली. समुपदेशक स्वतः एमबीबीएस झालेले, तिशीतले गृहस्थ. त्यांनी पैशांचे काही बोलण्याआधी मुलीची यूएसएमएलई ट्रान्स्क्रिप्ट मागवून घेतली, तिची छापील प्रत काढली आणि ‘फेल’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढून कागद माझ्याकडे सरकवला. “काका, ही ओळ कुठल्याही अर्जातून काढता येत नाही. लपवायचा विचार घरी झाला असेल तर तो आजच सोडून द्या.” असा विचार घरी झालेला होता. आमच्या एका नातेवाइकांनी, जे स्वतः अभियंते आहेत आणि वैद्यकीय क्षेत्राविषयी ठामपणे बोलतात, केवळ उत्तीर्ण झालेल्या प्रयत्नाचा निकाल जोडावा असा सल्ला दिला होता. तसे करण्याची सोयच नसते. अर्जासोबत जी ट्रान्स्क्रिप्ट जाते तिच्यात झालेले सगळे प्रयत्न येतात.

आपल्याकडच्या पालकांना ही गोष्ट पचायला जड जाते, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. नीट-पीजीमध्ये यंदाचा क्रमांक काय तेवढेच पाहिले जाते. मागच्या वर्षी तुम्ही कितवे होता किंवा परीक्षेलाच बसला नव्हता, याची कोणी चौकशी करत नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांचे चौथे-पाचवे प्रयत्न देणारी मुले बसलेली असतात, आणि त्यांच्यापैकी एखादा अधिकारी झाला की त्या प्रयत्नांचे सत्कारसमारंभात कौतुकच होते. ‘ड्रॉप घेतला’ हे आपल्याकडे नुसते वेळापत्रक असते. यूएसएमएलईचा नापास शेरा मला माझ्या जुन्या धंद्यातल्या थकीत कर्जासारखा वाटला. कर्जदाराने सगळे हप्ते भरून खाते नियमित केले, तरी पुढच्या बँकेने सिबिल काढले की मधला काळ दिसतोच, आणि ज्या शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर शंभर अर्ज पडलेले असतात तो असा अर्ज बाजूला ठेवायला कारण शोधत बसत नाही.

समुपदेशकांनी त्या दिवशी एका कोऱ्या कागदावर तीन कुंपणे काढून दाखवली, आणि हा अर्धा तास मला संपूर्ण सेवेतला सर्वांत मोलाचा वाटला. सर्वांत बाहेरचे कुंपण परीक्षेचे स्वतःचे. जुलै २०२१ पासून कोणत्याही एका टप्प्यासाठी जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात, पूर्वी ते सहा होते, आणि परीक्षा अर्धवट सोडून उठले तरी तो प्रयत्न मोजला जातो. बारा महिन्यांत एकाच टप्प्याला तीनपेक्षा जास्त वेळा बसता येत नाही. उत्तीर्ण झाल्यावर गुण वाढवण्यासाठी पुन्हा बसता येत नाही, म्हणजे काठावर सुटलेल्यालाही ते गुण घेऊनच पुढे जावे लागते. त्याच्या आतले कुंपण राज्यांच्या वैद्यकीय परवान्याचे, कारण काही राज्ये परवाना देताना प्रयत्नांची स्वतःची मर्यादा लावतात. टेक्सासमध्ये ती प्रत्येक टप्प्याला तीन आहे. सर्वांत आतले कुंपण प्रत्येक रेसिडेन्सी प्रोग्रॅमचे, आणि ते सर्वांत अरुंद असते. अनेक ठिकाणी तिथली मर्यादा एक आहे. एकदा नापास झालेल्या उमेदवाराला बाहेरच्या दोन कुंपणांची धास्ती बाळगण्याचे काही कारण नसते. त्याचे जे काही बिनसते ते तिसऱ्या कुंपणाशी, आणि हे समजले नाही तर माणूस ‘नियमात बसतो ना’ म्हणून बेफिकीर राहतो.

प्रोग्रॅमवाले इतके कडक का वागतात, याचेही उत्तर त्यांनी नीट दिले. रेसिडेन्सीत घेतलेल्या उमेदवाराला पुढे स्टेप थ्री हा यूएसएमएलईचा शेवटचा टप्पा आणि शेवटी आपल्या विषयाची बोर्डाची परीक्षा पार करायची असते. बोर्डात किती विद्यार्थी उत्तीर्ण होतात यावरून प्रोग्रॅमचे मूल्यमापन होते, आणि इंटर्नल मेडिसिनचे बोर्ड तर प्रोग्रॅमनिहाय निकाल प्रसिद्धच करते. एकदा परीक्षेत अडखळलेला उमेदवार पुन्हा अडखळेल, ही भीती बरोबर असो वा चूक, ती त्यांच्या लेखी जोखीम आहे. हजारो अर्जांतून काही शे मुलाखतींना बोलवायचे असतात, तेव्हा अर्जांच्या प्रणालीत ‘एकही नापास प्रयत्न नसलेले’ अशी चाळणी लावणे हे सर्वांत कमी कष्टाचे काम ठरते. एनआरएमपी प्रोग्रॅम संचालकांचे जे सर्वेक्षण करते त्यातही मुलाखतीसाठी निवड करतानाच्या घटकांत परीक्षेतील नापास प्रयत्न हा ठळक घटक असतो. अर्ज वाचून नाकारला गेला तर निदान कोणी वाचला तरी. चाळणीत अडकलेला अर्ज कोणी उघडतही नाही.

त्यात भर पडली ती २६ जानेवारी २०२२ पासून. त्या दिवसापासून स्टेप वनचे गुण देणे बंद झाले आणि फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढेच कळवले जाऊ लागले. विद्यार्थ्यांवरचा ताण कमी व्हावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात परदेशी पदवीधरांचे पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होण्याचे प्रमाण २०२१ मध्ये ८२ टक्के होते ते २०२२ मध्ये ७४ टक्क्यांवर आले. गुणच नसल्यामुळे स्टेप वनविषयी आता प्रोग्रॅमला एकच माहिती मिळते, आणि नापास झालेल्याच्या बाबतीत ती नको असलेली असते. पूर्वी दुसऱ्या प्रयत्नात भरघोस गुण मिळवून काही अंशी भरपाई करता येत असे. आता ते सगळे ओझे स्टेप टू सीकेवर आले आहे. अशा सल्लासेवांना इतके गिऱ्हाईक अचानक कुठून आले, तेही यावरून समजते.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मुलीने २०२३ मध्ये जी तारीख घेतली होती ती परीक्षा देण्यासाठी मिळालेल्या तीन महिन्यांच्या मुदतीतली अगदी शेवटची होती, आणि परीक्षेच्या दहा दिवस आधी दिलेल्या, परीक्षा तयार करणाऱ्या एनबीएमई या संस्थेच्या सराव चाचणीने तिची उत्तीर्ण होण्याची शक्यता ७४ टक्के दाखवली होती. मुदत वाढवून घेता आली असती. वाढवण्याचे शुल्क परीक्षेच्या शुल्कापुढे किरकोळ होते. “चौऱ्याहत्तर म्हणजे डिस्टिंक्शन, उगाच आणखी पैसे कशाला घालवतेस,” हे वाक्य माझे आहे. शंभरातली सव्वीस कर्जे बुडणार अशी शक्यता दिसत असताना मी एकाही प्रस्तावावर सही केली नसती. घरात मात्र केली. ज्यांची मुले आज त्या टप्प्यावर आहेत त्यांनी सल्लासेवेला पैसे देण्याआधी ती मुदतवाढ घ्यावी. ती फार स्वस्त पडते.

पर्सनल स्टेटमेंटच्या कामाला मी पूर्ण गुण देतो. मुलीच्या पहिल्या मसुद्यात नापास होण्याविषयी अकरा ओळी होत्या: आजीचे आजारपण, इंटर्नशिपमधल्या रात्रपाळ्या, परीक्षा केंद्रावर बंद पडलेले वातानुकूलन. सगळे खरे होते. समुपदेशकांनी तिच्यासमोर बसून एकेका वाक्याला “हे वाचून त्यांनी काय करायचं?” असे विचारत ते कापत नेले, आणि शेवटी तीन ओळी उरल्या. पूर्ण तयारी नसताना मी परीक्षेला बसले. नंतर अभ्यासाची पद्धत बदलली आणि लागोपाठ तीन सराव चाचण्यांत सुरक्षित अंतर दिसल्याशिवाय तारीख घेतली नाही. तीच शिस्त स्टेप टूमध्ये कामी आली. एवढाच त्याचा आशय. आजीचे आजारपण गेले याचे मुलीला वाईट वाटले, पण ते त्यांनी दुसऱ्या परिच्छेदात, फॅमिली मेडिसिनकडे ती का वळली या संदर्भात, दोन वाक्यांत परत आणले, आणि तिथे ते शोभून दिसले. असे संपादन करणारा माणूस पैसे मागत असेल तर त्याचा तो हक्क आहे.

यादीच्या बाबतीत मात्र ही सेवा सपशेल कमी पडली, आणि माझ्या लेखी हाच मूळ मुद्दा आहे.

ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी १६० प्रोग्रॅमची यादी पाठवली; ११० इंटर्नल मेडिसिनचे आणि ५० फॅमिली मेडिसिनचे. एक्सेलचा देखणा तक्ता, हिरवे आणि पिवळे रंग, बावीस रकाने. गाव, व्हिसा, पदवीनंतरची किती वर्षे चालतात, स्टेप टूचे किमान गुण, परदेशी पदवीधरांचे प्रमाण, सगळे होते. नापास प्रयत्न चालतात की नाही, हा रकाना नव्हता. पहिल्या बैठकीत ज्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली तिलाच तक्त्यात जागा नव्हती. मी सवयीप्रमाणे पहिल्या दहा ओळी नमुना म्हणून तपासायला घेतल्या. चौथ्या ओळीतला प्रोग्रॅम हिरव्या रंगात होता, आणि त्याच्या संकेतस्थळावर उमेदवाराने सर्व टप्पे पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण केलेले असणे आवश्यक आहे, असे स्वच्छ शब्दांत लिहिलेले होते. सातव्या ओळीतही तेच.

मी फोन केला. “काका, वेबसाइटवर तसं लिहितात, पण घेतातही कधी कधी. पाठवायला काय जातंय?”

काय जाते ते मी त्यांना सांगितले. २०२४-२५ च्या हंगामात एका विषयातल्या पहिल्या तीस अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढच्या प्रत्येक अर्जाला ३० डॉलर, असा दर होता. म्हणजे त्यांच्या यादीप्रमाणे इंटर्नल मेडिसिनचे २,७३० आणि फॅमिली मेडिसिनचे ९३० मिळून ३,६६० डॉलर झाले असते. ट्रान्स्क्रिप्टचे ८० वेगळे. त्या वेळच्या दराने ही रक्कम तीन लाख रुपयांच्या वर जाते.

त्या वर्षी ७ सप्टेंबरला गणपती बसले. प्रोग्रॅमना अर्ज दिसायला लागणार होते २५ सप्टेंबरला, म्हणून गणपतीचे दहाही दिवस आम्ही यादीवर बसलो. खाली चौकात ढोलपथकाचा गजर, वर जेवणाच्या टेबलावर मुलगी लॅपटॉप घेऊन एकेक संकेतस्थळ उघडून वाचणार आणि मी छापील प्रतीवर पट्टी ठेवून लाल पेन्सिलने काट मारणार. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा फ्रीडा हा माहितीसाठा आणि अर्जदारांना विनामूल्य मिळणारे रेसिडेन्सी एक्स्प्लोरर या दोहोंचा चांगला उपयोग झाला. शब्दांकडे बारकाईने पाहावे लागते. पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण असणे ‘आवश्यक’ असे जिथे होते तो प्रोग्रॅम आम्ही काटला, ‘पसंती दिली जाईल’ असे होते तो ठेवला, दोन प्रयत्नांपर्यंत चालेल असे होते त्यापुढे मुलीने चांदणी काढली, आणि ज्यांनी काहीच लिहिले नव्हते त्यांना ईमेल करून विचारले. थोड्यांनी उत्तरे दिली, पण जी आली ती सरळ होती. अनंत चतुर्दशीपर्यंत हिशेब असा झाला: ४७ प्रोग्रॅम नापास प्रयत्न मुळीच न चालणारे, ९ प्रोग्रॅम परदेशी डॉक्टरांना प्रशिक्षणासाठी लागणारा जे-वन व्हिसा न देणारे. उरले १०४. त्यांत इंटर्नल मेडिसिनचे ६६ आणि फॅमिली मेडिसिनचे ३८. नव्या यादीचे शुल्क १,९८० डॉलर, म्हणजे वाचलेले १,६८० डॉलर, सुमारे १ लाख ४० हजार रुपये. सेवेला दिलेल्या संपूर्ण शुल्कापेक्षा ही रक्कम मोठी आहे, आणि ती वाचवण्याचे काम त्या शुल्कात करण्याची जबाबदारी त्यांची होती.

त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की लिहिलेल्या अटी क्वचित शिथिल होतात, विशेषतः उमेदवाराला आतल्या एखाद्या डॉक्टरांनी ओळखलेले असेल तर. पण अशी ओळख असलेल्याने त्या एका ठिकाणी अर्ज करावा. सत्तेचाळीस ठिकाणी कोणाची ओळख असते?

सिग्नलच्या बाबतीतही तोच प्रकार झाला. सिग्नल म्हणजे ‘आमचा तुमच्याकडे विशेष ओढा आहे’ असे प्रोग्रॅमला कळवण्याची मोजकी संधी; त्या हंगामात इंटर्नल मेडिसिनला ३ सुवर्ण आणि १२ रौप्य, तर फॅमिली मेडिसिनला ५ होते. सेवेने सुवर्ण सिग्नल तीन नामांकित विद्यापीठांवर खर्च करायला सुचवले होते. मुलीने ते चांदणीवाल्या प्रोग्रॅमना दिले. पुढे ज्या चार मुलाखती आल्या त्यांतल्या तीन सिग्नल दिलेल्या ठिकाणांहूनच आल्या. एका उमेदवाराच्या अनुभवावरून नियम काढू नये हे मला मान्य आहे, तरी जिथे दारावरच प्रवेश नाही असे लिहिले आहे तिथे जाऊन आपला ओढा सांगण्यात काय हशील होते, ते मला आजही कळलेले नाही.

मधल्या काळात स्टेप थ्रीचे एक वेगळे पॅकेज आमच्या गळ्यात घालण्याचा प्रयत्न झाला. नापास प्रयत्न असलेल्याने अर्जाआधीच स्टेप थ्री उत्तीर्ण केली तर प्रोग्रॅमची शंका फिटते आणि एच-वन-बी व्हिसाचीही वाट उघडते, हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण त्यासाठी आधी परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र हातात असावे लागते, परीक्षा फक्त अमेरिकेतच देता येते, आणि घाईघाईत दिलेली स्टेप थ्री हुकली तर एकाच्या जागी दोन नापास शेरे घेऊन हिंडावे लागते. घाईचा अनुभव आमच्या गाठीशी होता. आम्ही नको म्हटले.

मुलाखतीच्या सरावाबद्दल पुन्हा चांगलेच लिहावे लागेल. प्रत्येकी चाळीस मिनिटांची सहा सत्रे झाली, आणि प्रत्येक सत्रात २०२३ चा प्रश्न वेगळ्या वेशात आला. कधी सहानुभूतीने, कधी कपाळाला आठ्या घालून, कधी ‘तुमच्या आयुष्यातला कठीण प्रसंग सांगा’ अशा आडवळणाने. पहिल्यांदा मुलगी चार मिनिटे बोलत राहिली आणि शेवटी तिचा आवाज कापायला लागला. समुपदेशकांनी पाणी दिले, मोबाइलवरचे घड्याळ तिच्यासमोर ठेवले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. सहाव्या सत्रापर्यंत उत्तर चाळीस सेकंदांवर आले होते आणि आवाज एकसारखा राहत होता. तिसऱ्या सत्रात एकदा तिच्या बोलण्यात मुदतवाढीचा आणि माझा उल्लेख आला. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो होतो. समुपदेशक तिला थांबवून म्हणाले, “तारीख तुझी होती. बाबांना यात आणू नकोस.” त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

प्रत्यक्ष मुलाखती ऑनलाइन झाल्या, पुण्याच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी सहा-सातनंतर. त्यातली एक तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात होती आणि नेमकी तेव्हाच आमच्या गल्लीतून वरात गेली. बॅण्डवाल्यांना पाच मिनिटे थांबायची विनंती करायला मी खाली धावलो. ते थांबले, फक्त एका मामांनी “लग्न काय रोज होतं का?” असे ऐकवले. चारही मुलाखतींत नापास होण्याचा प्रश्न आला, आणि एका ठिकाणी तर पहिलाच आला.

२१ मार्च २०२५ च्या रात्री निकाल कळला. तिला फॅमिली मेडिसिनमध्ये, चांदणीवाल्या एका प्रोग्रॅममध्ये, जागा मिळाली. याचे श्रेय सेवेला किती द्यायचे हे मला नेमके सांगता येणार नाही. स्टेटमेंट आणि मुलाखत यांत त्यांचा वाटा निर्विवाद आहे. पण त्यांच्याच यादीप्रमाणे आणि त्यांच्याच सिग्नलप्रमाणे अर्ज गेले असते तर ती मुलाखतीपर्यंत पोहोचली असती का, याविषयी मला शंका आहे. शिवाय १०४ अर्जांतून चार मुलाखती, हा हिशेब स्टेप टूला २५१ गुण असताना आहे, हे विसरू नये. तिच्याबरोबरच्या, तेवढेच गुण असलेल्या पण पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेल्या मैत्रिणीला याच्या तिप्पट मुलाखती आल्या.

यादीच्या वाट्याचे पैसे परत मिळावेत, असे पत्र मी एप्रिलमध्ये तक्त्याची तपासलेली प्रत जोडून दिले. एकोणीस दिवसांनी उत्तर आले की स्टेप थ्रीच्या पॅकेजमध्ये दहा हजारांची सूट देऊ. मी ती घेतलेली नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी तीन देईन. नापास प्रयत्न असलेल्यांनी या प्रकारच्या सेवेकडे जावे, पण स्टेटमेंट आणि मुलाखत एवढ्याच दोन बाबींचे वेगळे शुल्क ठरवून घ्यावे, आणि यादी घेतलीच तर दुसरा हप्ता देण्याआधी ‘प्रयत्न’ नावाचा रकाना मागावा. रकाना भरून मिळत नसेल तर घरी बसून तो स्वतः भरता येतो. दहा दिवस लागतात.

मे महिन्यात सेवेकडून मुलीला ईमेल आला. भिंतीवर लावण्यासाठी ॲप्रनमधले छायाचित्र, नाव, विषय, गाव आणि स्टेप टूचे गुण पाठवावेत, असे त्यात होते. तिने सगळे पाठवले आणि गुणांच्या खाली ‘स्टेप वन: दुसरा प्रयत्न’ अशी एक ओळ घालावी, म्हणजे बाहेरच्या खोलीत बसलेल्यांना उपयोग होईल, असे कळवले. त्यांचे उत्तर मी पाहिले आहे. अभिनंदन करून त्यांनी लिहिले होते की त्यांच्या ठरलेल्या नमुन्यात तशी ओळ नाही. जूनमध्ये एका कागदावर शिक्का घेण्यासाठी मी तिथे गेलो होतो, तेव्हा भिंतीवर अकराच छायाचित्रे होती.